३६ सेकंदांचं बॅकग्राउंड: सिनेमा-मालिकांतली भावना सुरांतून कशी घडते

संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान सांगलीतल्या कुठल्याही गल्लीतून चालत जा. घराघरांतून मालिकांचे आवाज येत असतात. संवाद धड ऐकू येत नाहीत, पडदा तर दिसतच नाही, तरी आत काय चाललंय ते कळतं. बासरी हळू चालली असेल तर कुणाची तरी समजूत काढणं चाललंय. खालच्या पट्टीत एकच सूर घुमत राहिला तर कुणीतरी दाराआड उभं राहून ऐकतंय. आणि लागोपाठ तीन दणके बसले की समजायचं, गुपित फुटलं. भाकऱ्या थापत थापत निम्मी मालिका कानांनीच बघणारी माणसं आपल्याकडं घरोघर आहेत, आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो.

चित्र नसताना जे संगीत एवढं सांगतं, ते चित्राच्या जोडीला आल्यावर काय करत असेल, हा या लेखाचा विषय. गाणी वेगळी. गाणं सुरू झालं की आपल्याला कळतं, आपण मुद्दाम ऐकतो. संवादांच्या खालून, दोन दृश्यांच्या मधून जे वाजत असतं, ज्याला या धंद्यातली माणसं नुसतं ‘बॅकग्राउंड’ म्हणतात, ते आपण ऐकतोय हेच आपल्या ध्यानात येत नाही. त्याची ताकद तिथंच आहे. प्रसंगात कुणाच्या बाजूनं उभं राहायचं, पुढं काय होईल असं वाटून घ्यायचं, आवंढा गिळायचा की डोळे वाहू द्यायचे, यातलं बरंचसं संगीतकारानं आपल्या आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

समजा, असा एक प्रसंग आहे. सांगलीचं एसटी स्टँड, पहाटेची वेळ. मुंबईची गाडी फलाटाला लागलीय. मुलाला नोकरी मिळालीय, आई सोडायला आलीय.

“पोचलास की फोन कर.”

“करतो गं आई.”

“आणि डबा कराड यायच्या आत खा. गार झाल्यावर चपात्या वातड होतात.”

“बरं बरं.”

कंडक्टर दोनदा घंटी मारतो. गाडी मागं सरकते, वळण घेते, फाटकातून बाहेर पडते. आई हात हलवत उभी. मग ती घरी जायला वळते आणि तिला बाकावर राहिलेला डबा दिसतो. घंटीपासून डबा दिसेपर्यंत ३६ सेकंद. कुणी रडत नाही, कुणी बोलत नाही.

संगीतकारापुढं हा तुकडा संगीताशिवाय येतो. घंटी वाजताक्षणी त्यानं गिटारची हलकी लय धरली आणि वर बासरी घातली, तर आपण मुलाबरोबर गाडीत बसतो. आई मागं हात हलवताना दिसते, पण आपलं मन कराडच्या पुढं गेलेलं असतं. डबा दिसतो तेव्हा आपण हसतो, पोरगं वेंधळं आहे म्हणतो. आता घंटीला काहीच वाजवू नका. गाडीचा आवाज विरू द्या, आणि ती फाटकाबाहेर गेल्यावर सारंगीचा एकच लांब सूर येऊ द्या. प्रसंग आईचा झाला. तोच डबा बघून पोटात तुटतं. किंवा असं करा: घंटीपासूनच अगदी खाली, जेमतेम ऐकू येईल असा सूर धरा, आणि त्याच्या लगतचा कोमल सूर त्याला हलकेच घासू द्या. चित्रात तसूभर फरक नाही, पण आता वाटायला लागतं की या पोराचं काहीतरी बरंवाईट होणार. डबा बघून अंगावर काटा येतो.

मानसशास्त्रात याची तपासणी झालेली आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी एक छोटी फिल्म केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ, एवढेच इकडून तिकडं फिरतात. बघणाऱ्यांना त्यातही गोष्ट दिसते, मोठा त्रिकोण त्यांना दांडगट वाटतो. पुढं १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन यांनी अशाच फिरत्या आकृत्यांना वेगवेगळं संगीत लावून लोकांना दाखवलं. संगीत बदललं तसं त्या आकृत्यांच्या स्वभावाबद्दलचं लोकांचं मत बदललं. त्रिकोणाला चेहरा नसतो. तिथंही जर सूर स्वभाव चिकटवू शकतात, तर एसटी स्टँडवरच्या आईच्या चेहऱ्यावर ते काय काय लिहू शकतील!

हे घडतं कसं? यातला एक भाग आपल्या बोलण्यातून येतो. दुःखात असलेला माणूस सावकाश बोलतो, आवाज खाली येतो, चढउतार कमी होतात. आनंदात किंवा संतापात आपण भरभर बोलतो, आवाज चढतो, उड्या मारतो. आईच्या कडेवर असल्यापासून आपण हे ऐकत आलोय. शब्द कळायच्या आधी आवाजाची चाल आपल्याला कळायची. म्हणून सारंगी जेव्हा सावकाश, खालच्या सप्तकात, लगतच्याच दोन-तीन सुरांत फिरते, तेव्हा कुणीतरी दुःखानं बोलतंय असंच मनाला जाणवतं. घुमणारा, जमिनीतून आल्यासारखा आवाज मोठ्या देहाची किंवा मोठ्या संकटाची चाहूल देतो. आणि अचानक दणका बसला की विचार करायच्या आधी अंग दचकतं. हे सगळं फार जुनं आहे आणि ते बरंचसं सगळ्या माणसांत सारखं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅमेरूनमधल्या माफा लोकांना पाश्चात्त्य संगीत ऐकवलं गेलं. ते त्यांनी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. तरी कुठलं आनंदी, कुठलं दुःखी, कुठलं भीतीचं, हे नुसत्या अंदाजपंचे उत्तरांपेक्षा त्यांना जास्त बरोबर सांगता आलं.

दुसरा भाग मात्र अगदी आपल्या मातीतला असतो. सनई-चौघडा वाजला की मांडव डोळ्यांसमोर येतो. संबळ कडाडला की गोंधळ आणि देवी. टाळ-मृदंग म्हटलं की वारी. हलगी घुमली की सांगली-कोल्हापूरच्या माणसाला कुस्तीचं मैदान दिसतं, जोड लागलेली दिसते. हे अर्थ त्या वाद्यांत जन्मजात नाहीत, आपण पिढ्यान् पिढ्या ते त्यांच्यावर चढवले आहेत. संगीतकार या भांडवलावर काम करतो. आणि चांगला संगीतकार ते उलटंही फिरवतो. घरात मयत झालेलं आहे, आणि दूरवरून कुणाच्यातरी लग्नाची सनई येतेय, एवढंच वाजवलं तरी बघणाऱ्याचा जीव गलबलून जातो. तिथं करुण सूर वाजवला असता तर निम्मासुद्धा परिणाम झाला नसता.

सूर आणि भाव यांची सांगड घालायचा आपल्याकडचा प्रयत्नही फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कुठल्या रसाला कुठले स्वर घ्यावेत हे सांगितलेलं आहे: हास्य-शृंगाराला मध्यम-पंचम, करुणाला गंधार-निषाद, बीभत्स-भयानकाला धैवत. तेव्हाचे स्वर आणि आजचे स्वर एकच नव्हेत, त्यामुळं हा तक्ता आज जसाच्या तसा वापरता येणार नाही. पण नाटकात कुठल्या क्षणी काय वाजवायचं याचा विचार शास्त्र म्हणून व्हायला हवा, हे तेव्हाच ठरलेलं होतं.

सांगलीकरांना तर हा विषय परका वाटायचं कारणच नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक इथं उभं केलं. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या नाटकांची रचना बघा. सूत्रधार पदं गायचा, टाळ-मृदंगाची साथ असायची, आणि त्या गाण्यावर पात्रं अभिनय करायची. भाषणं पुष्कळदा आयत्या वेळची. म्हणजे भाव कुठला, तो कधी चढायचा आणि कधी उतरायचा, याची दोरी मागं उभ्या असलेल्या गाणाऱ्याच्या हातात होती. राक्षस रंगमंचावर यायचे ते आरडाओरडा करत, आणि त्या गलक्यानंच समोरच्यांच्या छातीत धडकी भरायची. आज खलनायक येताना जे घुमतं, त्याचं काम हेच आहे. पडद्यावरचं पार्श्वसंगीत आपण हॉलीवुडकडून शिकलो असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. तंत्र तिकडून आलं, पण दृश्याच्या मागं उभं राहून भाव सांभाळणारा गवय्या आपल्याकडं सिनेमाच्या आधीपासून होता.

आता सुरांकडं जरा जवळून बघू, आणि त्यासाठी मिरजेला जाऊ. सतारमेकर गल्लीत तानपुरा तयार होताना बघण्यासारखा असतो. भोपळा, लाकडी दांडी, तारा हे सगळं जुळलं तरी वाद्य अजून बोलत नसतं. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली बारीक सुती दोरा सरकवतो आणि तार छेडत तो केसभर पुढं, केसभर मागं करत राहतो. एका जागी दोरा आला की बोथट वाजणारी तार एकदम उजळते, झंकार सुरू होतो. तार तीच, सूर तोच, उंचीही तीच. झालं एवढंच की तार आता घोडीच्या उतारावर हलकेच घासून थरथरतेय आणि मूळ सुराच्या पोटातले वरचे सूर मोकळे झालेत. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात तर न छेडलेला गंधारही ऐकू येतो, त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते याच कसबासाठी.

पार्श्वसंगीत करणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. आपण समजतो की भावना चालीत असते. पुष्कळदा ती आवाजाच्या पोतात असते. आईच्या प्रसंगात तोच एक लांब सूर सारंगीवर घ्या, व्हायोलिनवर घ्या, बासरीवर घ्या, सिंथेसायझरवर घ्या. सारंगीत माणसाच्या गळ्याची खरखर आहे, म्हणून ती जवळची वाटते. बासरीत श्वास आहे, मोकळी हवा आहे, तिच्यात आई एकटी वाटेल पण खचलेली वाटणार नाही. सिंथेसायझरचा गुळगुळीत सूर तिला शहराच्या नजरेनं बघेल. चाल लिहायच्या आधी हा निर्णय घ्यावा लागतो.

तानपुरा आणखी एक गोष्ट शिकवतो. कुठलाही सूर एकटा आनंदी किंवा दुःखी नसतो. तो कशाच्या संदर्भात ऐकू येतो यावर सगळं अवलंबून असतं. घरात पेटी असेल तर लगेच करून बघता येईल. काळी तीनला सा धरा आणि नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवा. भूप राग ऐकू येईल: सा, रे, ग, प, ध. प्रसन्न, सकाळच्या अंगणासारखा मोकळा. आता पट्ट्या त्याच ठेवा, फक्त तानपुरा काळी पाचमध्ये लावा. काळी पाच म्हणजे मघाचा गंधार, आता तो सा झाला. त्याच पाच काळ्या पट्ट्यांतून आता मालकंसाचे स्वर येतात, गंभीर, खोल. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, त्याचं चलन, म्हणजे त्या स्वरांतून फिरायची रीत, वेगळी असते, हे खरंच. पण पायाचा सूर हलवला की वरच्या त्याच सुरांचा चेहरा किती पालटतो, हे यातून कानाला स्वच्छ कळतं.

सिनेमाचे संगीतकार ही युक्ती सतत वापरतात. आपल्या गोष्टीतल्या मुलाच्या लहानपणी, तो नदीकाठी खेळत असताना, एक साधी चाल वाजली असेल. स्टँडवर नेमकी तीच चाल वाजवायची, एकही सूर न बदलता, फक्त खालचा आधाराचा सूर दुसरीकडं न्यायचा. प्रेक्षकाला ओळख पटते, पण ओळखीच्या चालीत काहीतरी हललेलं जाणवतं. काय हललंय ते त्याला सांगता येत नाही. आईलाही त्या क्षणी सांगता आलं नसतं.

एखाद्या पात्राला किंवा गोष्टीला अशी चाल बांधून देणं हे पार्श्वसंगीताचं फार मोठं हत्यार आहे. १९७५ सालच्या ‘जॉज’मध्ये जॉन विल्यम्स यांनी शार्कसाठी लगतचे दोनच सूर घेतले, आलटून पालटून, हळूहळू वेग वाढवत. मासा दिसायच्या आधी सूर येतात आणि पोटात गोळा येतो. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त हुशारीची वाटते. दोन पोरं खोटा पंख लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते सूर वाजत नाहीत. म्हणजे संगीतानं प्रेक्षकाशी करार केला: मी वाजलो तर धोका खरा. आणि तो करार पक्का झाल्यावर पुढं एकदा शार्क सुरांशिवायच पाण्याबाहेर तोंड काढतो. तिथं सगळं थिएटर उडतं. जो संगीतकार प्रत्येक सावलीला दणका देतो, त्याला असा धक्का कधीच देता येत नाही, कारण त्याच्या दणक्यावर कुणाचा विश्वासच उरलेला नसतो.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघू. संकलन पक्कं झालं की दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार एकत्र बसून सगळा सिनेमा थांबत थांबत बघतात. संगीत कुठं सुरू करायचं, कुठं थांबवायचं, याच्या वेळा टिपून घेतात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत महत्त्वाची बैठक. चाल नंतर सुधारता येते. चुकीच्या जागी सुरू झालेली सुंदर चाल मात्र प्रसंग बुडवते. या बैठकीत एक अडचण नेहमी येते. संकलन करताना रिकामं वाटू नये म्हणून कुणाचं तरी जुनं संगीत तात्पुरतं लावलेलं असतं. महिनोन् महिने तेच ऐकून दिग्दर्शकाच्या कानात ते बसतं, आणि मग नव्या संगीतकाराकडं मागणी येते: “असंच काहीतरी कर.” आज बरेच सिनेमे एकमेकांसारखे ऐकू येतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

त्यानंतर हिशेब येतो. आपले ३६ सेकंद घेऊ. घंटीला सुरुवात करायची आणि डबा दिसतो त्या क्षणाला काहीतरी घडवायचं, असं ठरलं. मिनिटाला ७२ मात्रांची लय घेतली तर ३६ सेकंदांत ४३ मात्रा आणि वर थोडंसं शेपूट, म्हणजे डबा दोन मात्रांच्या मध्ये कुठंतरी पडतो. लय जराशी उतरवून ७० केली की बरोबर ४२ मात्रा होतात. दादरा ताल सहा मात्रांचा. बेचाळीस म्हणजे दादऱ्याची सात आवर्तनं पुरी, आणि आठव्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, नेमकी डब्यावर. ७२ आणि ७० मधला फरक ऐकणाऱ्याला कळणारही नाही, पण सम जागेवर पडल्याचं समाधान त्याच्या अंगाला कळतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, आपल्याकडचा टीव्ही २५ वर, त्यामुळं हे जुळवणं चित्राचित्रानं करता येतं. पूर्वी वादकांच्या कानात ठरावीक लयीची टकटक सोडून ते साधत. मॅक्स स्टायनरसारख्या संगीतकारांनी १९३० च्या दशकात ही पद्धत रुळवली. आता संगणक हिशेब करून देतो.

सम डब्यावर आली म्हणून तिथं काही जोरात वाजवायलाच हवं असं नाही. मी असतो तर सहा आवर्तनं सारंगी चालवली असती, सातव्यात ती समेकडं झुकवली असती, आणि समेवर सारंगी थांबवून खाली फक्त तानपुरा ठेवला असता. कान समेची वाट बघत पुढं झुकलेला असतो. मैफलीत तिहाई आली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवत समेकडं येणं सुरू झालं, की सगळ्यांची मान डोलायच्या बेतात असते, तसं. तिथं सूर आला नाही की ती रिकामी जागा प्रेक्षक स्वतःच्या आठवणीनं भरतो. प्रत्येकाच्या घरातनं कुणीतरी कधीतरी गाडीत बसून गेलेलं असतंच.

आणि आणखी एक बारीक गोष्ट. आईच्या चेहऱ्यावर भाव उमटायच्या आधी संगीत आलं, तर आपल्याला शिकवल्यासारखं वाटतं, की आता वाईट वाटून घ्या. भाव दिसल्यावर क्षणभरानं आलं, तर ते तिच्याच मनातून आल्यासारखं वाटतं. अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे. चांगले संगीतकार या अर्ध्या सेकंदासाठी तासन्‌तास घालवतात. संवादाखाली वाजवतानाही असाच विचार लागतो. बासरी, सारंगी यांचे सूर माणसाच्या बोलण्याच्याच टापूत येतात आणि शब्दांशी भांडतात. म्हणून “पोचलास की फोन कर”च्या खाली चाल वाजवायची नाही. वाजवायचंच असेल तर खर्जातला स्थिर सूर, आणि वाक्य संपल्यावर चालीनं तोंड उघडायचं.

काही वेळा संगीत आवाजाची जागाच घेतं. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त, १९५५ साली, पंडित रविशंकरांनी एका रात्रीत ध्वनिमुद्रित केलेलं संगीत आहे. मुलगी दुर्गा गेलेली आहे, बापाला ठाऊक नाही. तो बऱ्याच दिवसांनी घरी येतो आणि तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो. आई कोसळते. तिचं तोंड हंबरड्यासाठी उघडतं, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वरच्या सुरात किंचाळतं. खरं रडणं ऐकवलं असतं तर ते त्या एका बाईचं रडणं झालं असतं. उलटं उदाहरण हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’चं. न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्याला संगीत नकोच, असं हिचकॉकचं आधी मत होतं. बर्नार्ड हेरमान यांनी तरीही ते लिहिलं, नुसत्या तंतुवाद्यांवर, आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. संगीतकारानं दिग्दर्शकाचं ऐकायचं असतं, पण कधी कधी वाजवून दाखवायचंही असतं.

आणि मग शांतता. ‘सैराट’मध्ये अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. व्हायोलिनांच्या लाटा, ढोल-ताशे, सगळं भरभरून. आणि त्याच सिनेमाचा शेवट पूर्ण निःशब्द आहे. लहान मूल चालत जातं आणि आवाज नाही, संगीत नाही, काहीच नाही. २०१६ साली थिएटरातून माणसं गप्प बाहेर पडली ती या शांततेमुळं. आधीचे दोन-अडीच तास कान सुरांनी भरलेले होते म्हणून ती शांतता एवढी जड झाली. सुरुवातीपासूनच शांतता असती तर शेवटी ती जाणवलीच नसती. थांबायचं कुठं हे ठरवता यायला आधी काहीतरी मनापासून वाजवलेलं असावं लागतं.

रोजच्या मालिकांचं गणित निराळं असतं. तिथं प्रत्येक भागासाठी नवं संगीत लिहायला वेळच नसतो. बावीस मिनिटांच्या आसपासचा भाग, आठवड्यातून पाच-सहा दिवस, पुष्कळदा चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांच्यात मोजकेच दिवस. म्हणून मालिका सुरू होतानाच संगीतकार शीर्षकगीताबरोबर तुकड्यांचा साठा करून देतो. नायिकेची चाल, सासूची चाल, प्रेमाची, ताणाची, विनोदाची, देवघराची. प्रत्येकीची दोन-चार रूपं: पूर्ण, चाल काढून नुसता ताल, नुसते लांब सूर. मग रोजचा भाग आला की बॅकग्राउंड लावणारा माणूस त्यातनं निवडून बसवत जातो. हे काम रात्री-बेरात्री चालतं आणि त्याला फार कौशल्य लागतं. त्या माणसाचं नाव श्रेयनामावलीत कुणी वाचतसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटतं.

मालिकांत संगीत क्षणभरही थांबत नाही, ही तक्रार सगळेच करतात. ती मला मान्य आहे, पण तिचं कारण समजून घ्यायला हवं. थिएटरात माणूस अंधारात, एकाग्र बसलेला असतो. घरी तो भाजी निवडत असतो, पोरांचा अभ्यास घेत असतो, मध्येच फोन येतो. संगीत थांबलं की त्याचं लक्ष उडतं. म्हणून दणका हा हाक मारायचा मार्ग झाला. तरीही मला वाटतं की निदान आठवड्यातनं एका प्रसंगाला तरी शांत राहायची मोकळीक मालिकांनी द्यावी. भाकरी थापणारी बाई दणक्यानं मान वर करते हे खरं, पण सतत वाजणारा आवाज अचानक थांबला तरीही ती मान वर करतेच.

सांगली-मिरजेत आणि साताऱ्याकडं आता बरीच तरुण मुलं लघुपट करतात. कॅमेरा चांगला असतो, भाषा जिवंत असते, आणि बॅकग्राउंडला इंटरनेटवरून उतरवलेला पियानो असतो. तो पियानो कुणीतरी दुसऱ्याच प्रसंगासाठी वाजवलेला आहे, आणि दहा हजार लघुपटांत तोच आहे. शिवाय परवान्याशिवाय वापरला तर पुढं महोत्सवात आणि यूट्यूबवर अडचण येते ती वेगळीच. त्यापेक्षा दृश्य पक्कं झाल्यावर एखाद्या हलगीवाल्याला, भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला, मिरजेतल्या एखाद्या सतारियाला बोलवा. त्यांना दृश्य दाखवा, गोष्ट सांगा, आणि ठरलेल्या जागी एकच वाद्य वाजवून घ्या. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू नका, एखादा बरा माइक भाड्यानं आणा, पंखे बंद करा, गाद्या-रजया भिंतीला लावा. तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी वाजवून घ्या: चालीसकट, चालीशिवाय, अगदी खालच्या पट्टीत. मग संकलनात प्रत्येक तऱ्हा दृश्याला लावून, कधी लवकर कधी उशिरा सुरू करून बघा. आणि ज्यानं वाजवलं त्याचं नाव मोठ्या अक्षरात द्या, मानधनही द्या.